भोंगेसाहेब कसा घडवावा? साथीनंतर खोटा प्रचार करणाऱ्या खलनायकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठीतून छोटे व्हिडिओ गेम करणाऱ्यांसाठी आहे. सगळीकडे उदाहरणाला एकच खलनायक घेतलाय. मार्कंडेय नदीकाठचं एक काल्पनिक बाजारपेठेचं गाव. साथ ओसरलीय. पत्रकं काढणारा आणि रिक्षावर भोंगा फिरवणारा एक अधिकारी गावात आहे, आणि गावानं त्याला नाव ठेवलंय भोंगेसाहेब. खेळाडू आहे छापखान्यात डीटीपी करणारी मुलगी.

साथ चालू असतानाचा खलनायक आणि साथीनंतरचा, फरक काय?

साथ चालू असताना भीती विकली जाते. साथ गेली की भीतीला गिऱ्हाईक उरत नाही, मग विकलं जातं ते विसरणं. जत्रा पुन्हा भरायला लागलेल्या असतात, लग्नाला हॉल मिळेनासे झालेले असतात, आणि घराघरात भिंतीवर कुणाचा तरी नवा फोटो लागलेला असतो. गाव दमलेलं असतं. अशा वेळी ‘झालं ते झालं, आता पुढचं बघूया’ म्हणणारा माणूस कुणाला दुष्ट वाटत नाही, उलट समजूतदार वाटतो. तुमचा खलनायक इथूनच सुरू होतो.

त्यामुळे भोंगेसाहेबाला काळा चष्मा, विकट हसू, प्रयोगशाळा यातलं काही देऊ नका. त्याच्या हातात शाल, नारळ आणि प्रमाणपत्र द्या. तो आशा कार्यकर्तींचा सत्कार करतो, साथीत गेलेल्यांचा नामफलक उभारतो, अर्जाची मुदत जाहीर करतो. गावाला तो आवडला पाहिजे. पहिल्या पंधरा मिनिटांत खेळाडूलाही तो आवडला, तर तुमचं काम बरंच झालं.

त्याला नेमकं हवंय काय?

हे एका वाक्यात लिहिता आलं नाही तर पुढं जाऊ नका. ‘सत्ता’ हे उत्तर चालत नाही, ते फार ढोबळ आहे. आमच्या उदाहरणात तालुक्याला कळवलेला मृतांचा आकडा ४१ आहे आणि गावात खरे गेलेत ११२. फलकावर ११२ नावं आली तर औषधं आणि ऑक्सिजनच्या खरेदीची फाईल उघडते. म्हणजे त्याला ७१ नावं फलकाबाहेर ठेवायचीत, तीही कुणाला न धमकावता. पत्रक, भोंगा, सत्कार, सगळं या एका कामासाठी.

असा खलनायक याआधीच्या गेममध्ये आलाय का?

आलाय, आणि ‘डिसऑनर्ड’ (२०१२) अभ्यासण्यासारखा आहे. डनवॉल शहरात उंदरांमुळे साथ पसरलेली असते आणि लॉर्ड रीजंट हायरम बरोज भोंग्यांवरून सतत घोषणा करत असतो. उंदीर त्यानंच परक्या खंडातून आणवलेले असतात, गरीब वस्ती साफ करायला. ते पुढं हाताबाहेर जातं. त्याला न मारता हरवायची वाट अशी की त्याचा कबुलीजबाब असलेली ध्वनिफीत तिजोरीतून मिळवायची आणि त्याच्याच प्रक्षेपण केंद्रातून शहराला ऐकवायची. प्रचाराचं यंत्र खेळाडूच्या हाती येतं, ही त्यातली खरी कमाई. मात्र ध्वनिफितीची कल्पना जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडचा अधिकारी कबुलीजबाब रेकॉर्ड करून ठेवत नाही, तो फाईल ठेवतो.

‘ड्यूस एक्स’मध्ये (२०००) ग्रे डेथ हा रोग आणि त्यावरची अँब्रोसिया लस, दोन्हींच्या मागं एकच टोळी असते. तुटवडा मुद्दाम ठेवला जातो हे त्यातून शिकण्यासारखं. ‘द डिव्हिजन’मध्ये (२०१६) देवीचा बदललेला विषाणू नोटांवरून न्यूयॉर्कभर पसरतो. गेम चांगला आहे, पण त्याचा भर गोळीबारावर आहे. पत्रकं लिहिणाऱ्या खलनायकासाठी तिथं फार काही हाती लागत नाही.

खेळाडू छापखान्यातच का? पत्रकार किंवा डॉक्टर का नको?

पत्रकार प्रश्न विचारत फिरतो, म्हणजे गेम निव्वळ संवादांचा होतो. डीटीपीवाल्या मुलीकडं पुरावा स्वतःहून चालत येतो. कन्नड मजकूर नुडीत टाइप करणारी तीच, मराठी श्री-लिपीत टाइप करणारीही तीच. एकाच पत्रकाची दोन्ही प्रूफं शेजारी शेजारी बघणारा गावातला एकमेव माणूस ती आहे.

दुसरं म्हणजे कागद मोजता येतो. हा पुरावा गेममध्ये फार सुंदर बसतो. ए-थ्री कागदातून चार ए-फाइव्ह पत्रकं निघतात. हजार पत्रकांना २५० कागद, म्हणजे अर्धं रीम, आणि खराबीचे दहा-पंधरा वर. ऑर्डर बुकात लिहिलंय ‘१०००’. पण गोदामातून तीन रीम गेलीत. तीन रीम म्हणजे १५०० कागद, ६००० पत्रकं. उरलेली पाच हजार कुठं गेली आणि त्यावर काय छापलं होतं? हा हिशेब खेळाडूला स्वतः करू द्या, पडद्यावर उत्तर झळकवू नका. ऑर्डर बुक एका पानावर, गोदामाची वही दुसऱ्या पानावर आणि मध्ये निदान तीन प्रसंगांचं अंतर.

तिसरी खूण मुद्रकाच्या ओळीची. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे छापखान्यातल्या माणसाची नजर आपोआप तळाच्या बारीक ओळीकडं जाते. भोंगेसाहेबाच्या पाच हजार पत्रकांवर ती ओळच नाही. पण एक डाग प्रत्येक प्रतीवर डाव्या कोपऱ्यात उमटलाय, आणि तोच डाग गेल्या महिन्यातल्या लग्नपत्रिकेवरही आहे. इथं एक चूक बरेच जण करतात, त्याला प्लेटवरचा ओरखडा म्हणतात. ऑफसेटची प्लेट कामागणिक बदलते, त्यामुळे प्लेटचा ओरखडा दोन वेगळ्या कामांवर येऊच शकत नाही. दोन्हीकडं दिसायचा असेल तर तो ब्लँकेटवरचा, म्हणजे प्लेटवरची शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी पट्ट्यावरचा, डाग करा. ब्लँकेट महिनोन्‌महिने तेच राहतं. छपाईतला माणूस अशी चूक पहिल्या मिनिटाला पकडतो.

खोटं किती असावं?

पत्रकात चार वाक्यं असतील तर तीन खरी ठेवा. चौथंही शक्य तो खोटं नको, अर्धवट असावं.

साथ संपल्याची तारीख ठरवायचीय असं धरा. मंगळवारी २०० जणांची तपासणी झाली, ५० जणांना लागण. शुक्रवारी ८० जणांचीच तपासणी, २८ जणांना लागण. पत्रक म्हणतं: ‘रुग्णसंख्या ५० वरून २८ वर. साथ जवळपास निम्म्यावर.’ दोन्ही आकडे खरे आहेत. पण शंभरातली लागण २५ वरून ३५ वर गेली, हे पत्रक सांगत नाही. तपासणीचा आकडा खेळाडूला दुसरीकडून मिळायला हवा, उदाहरणार्थ तपासणी किटच्या रिकाम्या खोक्यांवरून. एका खोक्यात २५ किट ठेवली तर मंगळवारची आठ खोकी होतात. शुक्रवारची तीन पूर्ण आणि चौथ्यातली पाच वापरलेली.

दुसरा नमुना एका शब्दाचा. कोरोनाच्या वेळी, सप्टेंबर २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, तपासणीपासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू दवाखान्याबाहेर झाला तरी कोरोनाचा धरायचा होता आणि वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत होती. गेममधल्या काल्पनिक साथीला असाच नियम द्या. मग भोंगेसाहेबाच्या पत्रकात एक शब्द घुसवा: ‘३० दिवसांच्या आत *दवाखान्यात* झालेला मृत्यू.’ खाट न मिळाल्यानं घरी गेलेली सगळी माणसं त्या एका शब्दानं यादीबाहेर पडतात. शब्द ठळक करू नका, रंगवू नका. मूळ आदेश तहसील कचेरीच्या फलकावर टाचणीनं लावलेला असू द्या, अर्धा दुसऱ्या नोटिशीखाली झाकलेला.

दोन भाषांचा डाव म्हणजे काय?

हा आपल्या भागाचा खास ऐवज आहे, दुसरीकडं असा गेम करताच येणार नाही. मराठी आणि कन्नड या दोन्हींत संस्कृतातून आलेले काही शब्द दिसायला सारखे, पण अर्थाला वेगळे आहेत. भोंगेसाहेब नेमके तेच शब्द निवडतो.

‘परिहार’ घ्या. मराठीत शंकेचा परिहार होतो, म्हणजे शंका फिटते. कन्नडमध्ये परिहार म्हणजे नुकसानभरपाई. कचेरीबाहेर दोन लिप्यांत एकच पाटी लागते: ‘परिहार केंद्र’. कन्नड वाचणारा रांगेत उभा राहतो. फक्त मराठी वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं, काही शंका असल्या तर विचारायची जागा. तो कशाला जाईल? मुदत निघून जाते. कुणी विचारलं तर साहेब हात जोडून म्हणणार, ‘भाषांतर तर अचूक आहे.’

‘उचित’ही तसाच. मराठीत उचित म्हणजे योग्य, कन्नडमध्ये उचित म्हणजे फुकट. कन्नड पत्रकावर ‘उचित तपासणे’, मराठी पत्रकावर ‘उचित तपासणी’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘शुल्क ३०० रुपये’. कन्नड पत्रकावर शुल्काची ओळच नाही. दोन्ही गल्ल्यांत पत्रकं पोचली की आपसांत तणतण सुरू: ‘त्यांना फुकट, आम्हाला पैसे.’ भांडण पेटलं की ७१ नावांचा विषय मागं पडतो, आणि त्याला तेवढंच हवं असतं. ‘अनुमान’ (मराठीत अंदाज, कन्नडमध्ये संशय) आणि ‘अवसर’ (मराठीत संधी किंवा वेळ, कन्नडमध्ये घाई) हे दोन राखीव ठेवा. एका गेममध्ये दोनपेक्षा जास्त शब्द वापरले तर तो शब्दकोड्यांचा खेळ होतो.

हे उलगडायचा प्रसंग संवादातच ठेवा, निवेदनात नको. असा:

> ‘आज्जी, हितं लिवलंय परिहार देणार म्हणून.’
> ‘व्हय की. शंका इचारायची जागा ती. मला कसली शंका हाय?’
> ‘शंका न्हवं गं. कन्नडमदी परिहार म्हंजे पैसं.’
> ‘कुणाचं पैसं?’
> ‘आज्जाचं.’

इथं थांबा. खाली ‘पुढे’ असं बटण द्या आणि दुसरं काही लिहू नका.

पण इथली माणसं अशी फसतील का? सगळ्यांनाच दोन्ही भाषा येतात.

सगळ्यांना नाही, आणि सारख्या नाहीत. बोलता येणं वेगळं, वाचता येणं वेगळं. खडेबाजारातला दुकानदार ‘परिहार’ला फसणार नाही, उलट पाटी बघून हसेल. शाळेत कन्नड शिकलेली नात फसणार नाही. खानापूरच्या रानाकडच्या वाडीतली, फक्त मराठी चौथीपर्यंत शिकलेली आज्जी फसेल. घटप्रभेकडून कामाला आलेला, मराठी बोलणारा पण न वाचणारा गडी ‘शुल्क ३०० रुपये’ वाचूच शकणार नाही. प्रत्येक पात्राला चार खुणा द्या: मराठी बोलतो, मराठी वाचतो, कन्नड बोलतो, कन्नड वाचतो. कोणतं पत्रक कुणाला फसवेल हे त्यावरून ठरू द्या. सगळं गाव एकदम फसलं तर इथला खेळाडू गेम बंद करेल, आणि ते बरोबरच आहे.

मग सीमाप्रश्न आणावा का?

आमचं मत: नको. भ्यायचं म्हणून नको असं नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा हे सगळं इथल्या हवेतच आहे. पण गेममध्ये झेंडा दिसला की खेळाडू आधी बाजू घेतो आणि पत्रक वाचायचं सोडून देतो. तुमचा सगळा गेम तर वाचण्यावर उभा आहे. झेंडे, संघटनांची नावं, खऱ्या खात्याचा गणवेश काढून टाका. कथेचे दिवसही १ नोव्हेंबरच्या आसपास ठेवू नका. तो दिवस एकीकडं राज्योत्सव, दुसरीकडं काळा दिन, आणि खेळाडूच्या डोक्यात तेच घोळत राहील. राज्याची सीमा मात्र वापरा. कोरोनाच्या काळात महाराष्ट्रातून येणाऱ्यांना निपाणीजवळ कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर अहवाल दाखवावा लागत असे. कोल्हापूरच्या दवाखान्यात वारलेल्या माणसाची नोंद कुणाच्या यादीत धरायची, हा प्रश्न भोंगेसाहेबाला फारच सोयीचा आहे. निदान दहा नावं त्याला तिथंच गाळता येतात.

मृतांचा खरा आकडा खेळाडूला कसा सापडावा?

स्मशानातल्या लाकडावरून सुरुवात करा. एका सरणाला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. पत्रक म्हणतं या आठवड्यात तीन मृत्यू, आणि वखारीच्या वहीत सहा टन लाकूड स्मशानाच्या नावावर गेलंय. म्हणजे १५ ते २० सरणं.

आता गंमत इथं आहे की हा आकडाही अपुरा ठेवायचा. लिंगायत समाजात दफन करतात, मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजातही. लाकडाची वही फक्त दहनाचं सांगते. खेळाडू लाकडावर थांबला तर त्याला ११२ पैकी साठ-सत्तरच सापडतात आणि तो स्वतःच भोंगेसाहेबासारखी अर्धी यादी घेऊन उभा राहतो. रुद्रभूमीत खड्डे खणणाऱ्याची मजुरी, दर्ग्याजवळच्या कब्रस्तानातली नोंद, हेही गोळा करावं लागतं. शिवाय साथीशिवायही माणसं मरतातच, म्हणून मागच्या दोन वर्षांतल्या त्याच महिन्यांचे आकडे लागतात. समजा नेहमी त्या चार महिन्यांत ३० जण जातात आणि यंदा १४२ गेले. वरचे ११२. खऱ्या जगातही असंच मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतले जगातले जादा मृत्यू सुमारे १ कोटी ४९ लाख धरले. कोरोनाचे म्हणून नोंदलेले होते सुमारे ५४ लाख.

भोंग्यावरची घोषणा किती लांब असावी?

वीस शब्द. गल्लीतून रिक्षा ताशी २० किलोमीटरनं गेली तर सेकंदाला साडेपाच मीटर होतात. भोंगा दोन्ही बाजूंना शंभर मीटर ऐकू येतो असं धरलं तर एका घराला तो ३६ सेकंद ऐकू येतो, पण शब्द कळतील असा फक्त १० ते १२ सेकंद. सेकंदाला दोन शब्द म्हटले तर हिशेब वीस ते चोवीसवर येतो.

‘ऐका हो ऐका. साथ संपली आहे. नावं नोंदवायची शेवटची तारीख शुक्रवार. ज्यांची नोंद झाली त्यांनी येऊ नये. गर्दी करू नये.’

बरोबर वीस शब्द. आता रिक्षा कुठून सुरू होते ते बघा. घोषणा चौकात सुरू झाली की विणकर गल्लीच्या तोंडाला पोचेपर्यंत उरतं ते एवढंच: ‘…येऊ नये. गर्दी करू नये.’ मग मधे हलगीची कॅसेट, आणि पुढची घोषणा पुन्हा पुढच्या चौकात. पूर्ण वाक्य बाजारपेठेला मिळालं, विणकरांना फक्त शेपूट. घोषणेत एकही शब्द खोटा नाही. नकाशावर रिक्षाचा मार्ग खेळाडूला आखायला लावा, उलगडा तिथं होतो.

आवाज घरच्या मोबाइलवर रेकॉर्ड केला तरी चालतो. ऑडॅसिटीत ४०० हर्ट्‌झच्या खालचं आणि ३५०० च्या वरचं कापा, थोडं फाटू द्या, पाव सेकंदाचा प्रतिध्वनी द्या. मोनो, ६४ केबीपीएस ठेवलं तर मिनिटाला सुमारे ४८० केबी होतात. एक अडचण हमखास येते: पडद्याला पहिला स्पर्श होईपर्यंत ब्राउझर आवाज वाजवतच नाही. म्हणून सुरुवातीला ‘दुकान उघडा’ असं बटण ठेवा.

पात्रांची मराठी कशी लिहायची?

भोंगेसाहेब छापील मराठी बोलतो: ‘नागरिकहो’, ‘आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहे’. तो कधी ओरडत नाही. म्हाताऱ्या बायांना ‘मावशी’, पुरुषांना ‘अण्णा’. गाव बोलतं ते ‘कुठं जायलास?’, ‘काय करायलायसा?’, ‘आलास काय?’, ‘बघ की’. पुणेरी ‘करतोयस’ घातलंत तर पहिल्याच संवादात पात्र मेलं. बोली फक्त अवतरणात ठेवा आणि निवेदन साधं. प्रत्येक शब्द बोलीत लिहिला की मोबाइलवर वाचणारा अडखळतो.

कोणतं सॉफ्टवेअर वापरावं, आणि अक्षरं तुटतात त्याचं काय?

पहिल्या गेमला ट्वाइन. फुकट आहे, गेम एकाच एचटीएमएल फाईलमध्ये निघतो आणि अक्षरजोडणी ब्राउझर करत असल्यानं मराठी-कन्नड दोन्ही नीट दिसतात. ६० ते ८० प्रसंग, प्रत्येकी ८० ते १२० शब्द, म्हणजे साधारण पाऊण तासाचा गेम. चलांची (व्हेरिएबलची) नावं रोमन लिपीत आणि आखूड ठेवा. ट्वाइनची ब्राउझरमधली आवृत्ती कथा ब्राउझरच्याच साठ्यात ठेवते. ब्राउझरमधला साइट डेटा पुसला की कथा गेली. रोज फाईल उतरवून ठेवा.

चित्रांचा गेम हवा असेल तर गोडो ४. गोडो ३ मध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्येही वेगळी सोय न करता ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते, ‘कि’चा ‘क’ आणि मग लोंबती वेलांटी.

मजकूर एकेक अक्षर उमटवायचा मोह टाळा. संगणकाच्या लेखी काना-मात्रा वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे ‘स्त्री’ उमटताना आधी ‘स’, मग ‘स्’ असं लंगडत येतं. शब्दाशब्दानं उमटवा. फॉन्टला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, सोबत नोटो सान्स कन्नड. तिन्ही मोफत परवान्याचे, गेममध्ये घालता येतात. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’तला अर्धा र नीट दिसतो का ते आधी तपासा. ओळींमधलं अंतर दीडपटीपेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर कन्नडची खालची जोडाक्षरं पुढच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. छापखान्यातून श्री-लिपी किंवा जुन्या नुडीतला मजकूर आणून चिकटवलात तर रोमन अक्षरांची गिचमिड मिळेल. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

इतिहासातलं काय वापरता येईल?

बरंच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या सुरुवातीला साथरोग कायदा झाला, जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या काळात दवाखान्यात माणसांच्या अंगातून ‘मोमियाई’ नावाचं औषध काढतात अशी अफवा पसरली होती. हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. पुढं १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एका बाटलीतली लस दूषित निघून १९ जण धनुर्वातानं गेले. दोष हाफकिन यांच्या माथी आला आणि १९०७ मध्ये तो पुसला गेला. अफवेच्या तळाशी खऱ्या घटनेचा दाणा कसा असतो, आणि प्रचार करणारा तो कसा उचलतो, हे या एका प्रकरणातून शिकता येतं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला ‘स्पॅनिश’ नाव पडलं, कारण युद्धाबाहेर असलेल्या स्पेनमध्ये बातम्यांवर बंधनं नव्हती. खरं छापलं त्याच्याच नावावर रोग लागला. भोंगेसाहेबाला हे माहीत असतं.

जागेसाठी बेळगावच्या टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो बघून या. तिथं पूर्वी देवीची लस तयार व्हायची. नाव बदलून अशी जागा गेममध्ये घाला. नामफलकाचं अनावरण तिथंच झालं की वेगळं काही बोलावं लागत नाही.

यातून कुणी खरा अपप्रचार शिकेल, त्याचं काय?

‘बॅड न्यूज’ (२०१८) या गेममध्ये खेळाडूच खोट्या बातम्या पसरवतो. केंब्रिजच्या संशोधकांचा त्यात हात होता. ‘गो व्हायरल’ (२०२०) हा कोरोनावरचा पाचेक मिनिटांचा गेमही त्याच वळणाचा. दोन्हींच्या मागं १९६० च्या दशकातला विल्यम मॅग्वायर यांचा सिद्धांत आहे: युक्तीचा सौम्य डोस आधी दिला की पुढं ती ओळखता येते. आमची पथ्यं दोन. पत्रकं काल्पनिक रोगाचीच असावीत, खऱ्या लशीबद्दल किंवा औषधाबद्दल एकही खोटं वाक्य नको, कारण पडद्याचा फोटो काढून कुणीही पुढं ढकलतो. आणि प्रत्येक पत्रकाच्या चित्रावर गेमचं नाव आडवं छापलेलं असावं.

शेवट कसा करावा?

भोंगेसाहेबाला अटक, भाषण, टाळ्या यातलं काही नको. अनावरणाच्या आदल्या रात्री फलकाचं प्रूफ मुलीच्या संगणकावर येतं. ४१ नावं. ती पुढं टाइप करू शकते, जेवढी नावं खेळाडूनं गोळा केलीत तेवढीच. ७१ पैकी ५८ सापडली असतील तर फलकावर ९९ येतील आणि राहिलेल्या तेरांच्या घरची माणसं सकाळी फलकासमोर नाव शोधत उभी राहतील. तो प्रसंग तेरा वेगवेगळ्या घरांसाठी लिहावा लागतो. काम मोठं आहे, पण टाळू नका. नावं खऱ्या माणसांची घेऊ नका, आडनावं तर गावावरून पडलेली, ओळखू येणारी अजिबात नकोत.

चाचणी कुणाकडून करून घ्यावी?

तिघांकडून: फक्त मराठी वाचणारा, दोन्ही वाचणारा, आणि कन्नड वाचणारा पण मराठी नुसतं बोलणारा. मागं बसा, तोंड उघडू नका. पत्रकाच्या पानावर बोट किती सेकंद थांबतं ते लिहून घ्या. चार सेकंदांच्या आत पुढं गेला तर त्यानं वाचलेलं नाही, मजकूर अर्धा करा. फाईल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर काही फोनमध्ये ती ब्राउझरऐवजी दुसऱ्याच ॲपमध्ये उघडते आणि जिथवर खेळला ते जपलं जात नाही. त्यांना आधी फाईल फोनमध्ये उतरवून क्रोममधून उघडायला सांगा.